दोन सुतांचा दांडा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'पीण्या औद्योगिक क्षेत्रातील संधी'. त्यांची क्षमा मागून मी तो बाजूला ठेवतो. संधींची यादी कोणीही वाचून दाखवील. मी आज एका वस्तूविषयी बोलणार आहे. ही वस्तू वीतभर लांब असते, तिची जाडी पाव इंच, म्हणजे आमच्या शेडमधल्या भाषेत दोन सूत, आणि वजन फार तर पन्नास-साठ ग्रॅम. ती एकदा जागेवर बसली की पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नाही. जुन्या शर्यतीच्या मोटारींच्या इंजिनात तेलाचा पंप फिरवणारा हा दांडा, म्हणजे ऑइल पंपाचा शाफ्ट. मूळ दांड्यापेक्षा मजबूत असा बदली दांडा बनवणे हे आमच्यासारख्या छोट्या शेडकडे अधूनमधून येणारे काम आहे. 'मजबूत' ह्या शब्दाचा अर्थ काय, एवढाच आज माझा विषय आहे.

प्रथम तेलाविषयी. आपण म्हणतो, इंजिनात वंगण म्हणून तेल घालतात. हे खरे असले तरी अपुरे आहे. इंजिनाचा क्रँकशाफ्ट वेगात फिरत असताना तो बेअरिंगवर टेकलेला नसतो. तो तेलाच्या थरावर तरंगत असतो. हा थर आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो. तो आहे तोवर धातू धातूला भेटत नाही आणि म्हणूनच इंजिन वर्षानुवर्षे चालते. तो थर टिकतो कारण पंप खालच्या चेंबरमधले तेल सतत वर ढकलत राहतो. शर्यतीच्या वेगात पंप थांबला, तर पुढचा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा असतो.

आता हा पंप फिरतो कसा? त्या काळच्या बऱ्याच इंजिनांत मांडणी अशी असे: कॅमशाफ्टवरचा एक तिरप्या दात्यांचा गिअर एका उभ्या शाफ्टला फिरवतो. त्या शाफ्टच्या वरच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर असतो, जो प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटतो. खालच्या टोकाच्या खाचेत आपला हा बारीक दांडा बसतो आणि तो तळाशी असलेला पंप फिरवतो. अमेरिकन फोर्डच्या २८९ आणि ३०२ घनइंची व्ही-८ इंजिनांत हा दांडा षट्कोनी आणि पाव इंची आहे. पुढे त्याच घराण्यातील ३५१ घनइंची इंजिनाला फोर्डनेच तो पाच-सोळांश इंची, म्हणजे अडीच सुतांचा केला. ल माँ येथील २४ तासांची शर्यत १९६८ आणि १९६९ साली जिंकणारी फोर्ड जीटी४० ह्याच कुळातल्या इंजिनावर धावली होती, ह्यावरून ते घराणे किती नावाजलेले होते हे ध्यानात येईल.

ह्या मांडणीत एक घातक गोष्ट दडलेली आहे, तिच्याकडे लक्ष द्यावे. वरचा गिअर मोडला तर ठिणगीही बंद पडते आणि इंजिन आपोआप थांबते. नुकसान तिथेच आवरते. पण मधला दांडा मोडला तर डिस्ट्रिब्युटर फिरतच राहतो. ठिणगी पडते, पेट्रोल जळते, गाडी धावते, फक्त तेल येत नाही. इंजिनाला हे कळत नाही. चालकाला कळायचे असेल तर त्याची नजर त्याच क्षणी दाबाच्या काट्यावर हवी, आणि वळणावर दोन गाड्यांच्या मधून वाट काढणाऱ्या माणसाची नजर काट्यावर नसते. पन्नास ग्रॅमच्या दांड्यापायी क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, कधी कधी सबंध ब्लॉक भंगारात जातो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ब्लॉक भंगारात गेला तर तो पुन्हा ओतणारा कारखाना बहुधा जगात उरलेला नसतो.

'पण जुन्या शर्यतीच्या गाड्यांचा आपल्याकडे काय संबंध?' असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. संबंध आहे, आणि तो मराठी माणसाच्या वाटेने येतो. सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केले आणि १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. पहिल्या कारखान्याने बंगळुरात अचूक मापाचे काम करणाऱ्या हातांची पहिली मोठी फळी घडवली. दुसऱ्याने इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी भारतात बनवली, जिला आपण पुढे पद्मिनी म्हणून ओळखू लागलो. टॅक्सी म्हणून मुंबईने पाहिलेल्या ह्याच गाड्यांची १०८९ घनसेंटिमीटरची इंजिने हौशी मंडळींनी घासूनपुसून, दाब वाढवून मद्रासजवळच्या शोलावरमला शर्यतीत उतरवली. शोलावरम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली एक जुनी धावपट्टी. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे कित्येक वर्षे शर्यती भरवल्या. १९९० साली इरुंगट्टुकोट्टईचा नवा ट्रॅक झाल्यावर ती परंपरा तिकडे गेली. शोलावरमच्या त्या पिढीतल्या काही गाड्या आज पुन्हा उजेडात येत आहेत. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले, त्यानंतर त्यांची राखण करणाऱ्यांचा हुरूप आणखी वाढला. ह्या सर्वांना कधी ना कधी सुटे भाग लागतात, आणि ते दुकानात मिळत नाहीत.

मग ते पीण्याला येतात. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी बंगळूरला उतरणारे आपल्या भागातले कितीतरी तरुण ज्या वसाहतीत नोकरीला जातात, तीच ही वसाहत. शहराच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगत. जवळच जलहळ्ळीला १९५३ पासून एचएमटीचा यंत्रकारखाना होता, त्याच रस्त्यावर १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय निर्मिती तंत्रज्ञान संस्था आहे. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारी छोटी शेड त्यांच्या आसऱ्याने वाढत गेली. माझ्या पिढीने तिथे ज्या लेथवर हात बसवला, त्यांतले अनेक हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे होते. आणि किर्लोस्कर म्हटले की बेळगावातले लक्ष्मणरावांचे सायकलचे दुकान आपल्याला आठवणारच. तेव्हा पीण्याला गेलेला बेळगावचा मुलगा परक्या मुलखात जातो असे मी मानत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक मोडका दांडा आमच्या टेबलावर येतो. बरोबर नकाशा नसतो, पोलादाचा दाखला नसतो. गिऱ्हाईक एकच वाक्य बोलते: 'ह्याच्यापेक्षा मजबूत करून द्या.' अशा वेळी सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अधिक भारी पोलाद घेऊन तसाच दांडा कापून देणे. तो मार्ग चुकीचा आहे असे मी म्हणत नाही; तो अपुरा आहे. आधीचा का मोडला हे कळल्यावाचून नवा मजबूत झाला की नाही हे कोणी सांगू शकत नाही.

का मोडला हे दांडा स्वतः सांगतो. त्याची भाषा आपण सर्वांनी ह्याच शाळेत, फळ्याखाली, शिक्षकांचे लक्ष नसताना शिकलेली आहे. खडूचा तुकडा दोन्ही हातांत धरून वाकवा: तो सरळ आडवा तुटतो. आता दुसरा खडू घेऊन त्याला पीळ द्या, ओला कपडा पिळतो तसा: तो तिरपा, मळसूत्रासारख्या वळणाने, अक्षाशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन करून तुटतो. खडू ठिसूळ आहे आणि ठिसूळ वस्तू जिकडे ओढ सर्वांत जास्त तिकडे फाटते. चिवट पोलाद पिळून तुटले तर उलट घडते: ते आधी गूळपापडीच्या पाकासारखे वळते, मग आडवे, सपाट कातरले जाते. म्हणून मोडलेला दांडा हातात घेतल्यावर पहिली नजर तुटलेल्या टोकावर जाते. टोक मळसूत्री असेल तर पोलाद फार कडक, ठिसूळ होते. दांड्यालाच पीळ पडलेला दिसत असेल तर पोलाद चिवट होते, पण त्याच्यावर ताकदीबाहेरचे ओझे एकाएकी आले. आणि तिसरी शक्यता अशी, की तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग गुळगुळीत, ओसरत्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या रेषांसारखा, आणि उरलेला खरबरीत. हा थकव्याचा मोड. तो एका दिवसात झालेला नसतो. एखाद्या कोपऱ्यातून बारीक चीर निघाली, फेऱ्याफेऱ्याला केसभर पुढे सरकली आणि उरलेला भाग पुरेनासा झाला तेव्हा दांडा गेला.

धातूही थकतो ही गोष्ट माणसाला फार महागात शिकावी लागली. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडला आणि अपघातात पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर रँकिन ह्यांनी आसाच्या जाडीत जिथे एकदम बदल होतो तिथे धारदार कोपरा ठेवू नये, गोलाई ठेवावी, असे दाखवून दिले. पुढे जर्मनीत व्होलर ह्यांनी वर्षानुवर्षे आस फिरवून, मोडून, किती ओझ्याखाली किती फेरे झेपतात ह्याच्या नोंदी केल्या. आमचा वीतभर दांडा त्याच शास्त्राचा धाकटा वारस आहे. हा दांडा इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ७००० फेरे घेत असेल तर दांडा ३५००, म्हणजे तासाला २,१०,००० फेरे. पोलादाचा थकवा तपासताना साधारण एक कोटी फेऱ्यांचा कस लावतात. तो ह्या हिशेबाने पन्नास तासांच्या आत पुरा होतो.

ह्याच्या पुढचे गणित मला स्वतःला फार आवडते, कारण ते अपेक्षेच्या उलट निघते. समजा, पंप एका फेऱ्यात १६ घनसेंटिमीटर, म्हणजे तीन चमचे तेल ढकलतो आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो आहे. एवढ्या कामासाठी दांड्याला जो पीळ सोसावा लागतो तो किती? दहा सेंटिमीटर लांबीच्या हँडलच्या टोकाला सव्वा ते दीड किलोचे वजन टांगावे, एवढाच. पाव इंची दांडा चांगल्या पोलादाचा असेल तर त्याला कायमचा पीळ पडण्यासाठी ह्याच्या सुमारे पंधरा पट जोर लागेल. अगदी साध्या पोलादाचा असला तरी पाचपट लागेल. म्हणजे रोजच्या कामात हा दांडा जवळजवळ आरामातच असतो! मग तो मोडतो कशाने?

त्याची कारणे बहुधा पोलादाबाहेर असतात. थंड सकाळी घट्ट तेलावर इंजिन सुरू करून लगेच वेग वाढवला, तर पंपाला तेल नव्हे, काकवी ढकलावी लागते. शर्यतीसाठी कोणी पंपातली दाबाची स्प्रिंग कडक केली, पंप मोठा बसवला, तर ओझे कायमचेच वाढते. जाळीतून निसटलेली धातूची कपची पंपाच्या दात्यांत सापडली, तर चरकात उसाऐवजी खिळा जावा तसे होते: पंप क्षणात अडतो, पण वर सबंध इंजिनाचा जोर दांड्याला फिरवायला बघत असतो. आणि चौथे कारण सर्वांत फसवे आहे. वरचा डिस्ट्रिब्युटर आणि खालचा पंप अगदी एका रेषेत कधीच नसतात. मूळ दांडा दोन्ही खाचांत थोडा सैल असे तो ह्याचसाठी. एखादा कारागीर कौतुकाने नवा दांडा खाचेत घट्ट, जराही न हलणारा बसवतो, आणि मग तोच दांडा प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकू लागतो. तासाला दोन लाख दहा हजार वेळा. मजबुतीच्या नावाखाली त्याचे आयुष्य कमी झालेले असते. आमच्या बंगळूरकडे एक लाडके वाक्य आहे, 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी', म्हणजे थोडे जुळवून घ्या. मापाच्या बाबतीत मी हे वाक्य शेडमध्ये चालू देत नाही. पण ह्या दांड्याच्या दोन टोकांना मात्र तेच वाक्य लागू आहे.

जाडी वाढवता आली तर काम सोपे असते. पिळाला तोंड देण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. दोन सुतांचा दांडा अडीच सुतांचा केला तर जाडी सव्वापट होते, ताकद मात्र जवळजवळ दुप्पट. परंतु पंपाची खाच दोन सुतांचीच असते, आणि ती मोठी करायला गेले तर पंपाची भिंत पातळ होते. शिवाय जुनी गाडी राखणाऱ्याला गाडीचे मूळपण राखायचे असते. म्हणून जे करायचे ते त्याच जाडीत.

त्यासाठी एक दांडा पीण्यात किती दारे चढतो ते सांगतो. विक्रेत्याकडून ईएन-२४ ह्या पोलादाची कांब येते. त्यात निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते आणि ते कडकपणाबरोबर चिवटपणाही टिकवते. कांब ईएन-२४च आहे ना, हे आज यंत्रावर तपासतात. पण आमच्याकडे असे जुने कारागीर आहेत जे कांब ग्राइंडरला नुसती टेकवून ठिणग्यांचा रंग आणि फुलोरा पाहून सांगतात, 'हे ते नव्हे.' यंत्राचा निकाल आल्यावर मी अनेकदा त्यांच्याकडे पाहून मान लववली आहे. लेथवर दांडा दोन सेंटरमध्ये धरून कातायचा. एवढा बारीक दांडा हत्याराच्या दाबाने मधेच वाकतो, म्हणून मागून आधार द्यावा लागतो. मग षट्कोन. तो पाडताना इंडेक्सिंग हेड वापरतात, ज्याचे हँडल चाळीस वेळा फिरवले की दांडा एकदा फिरतो. सहा बाजू हव्यात, तर चाळीस भागिले सहा: सहा पूर्ण फेरे आणि दोन तृतीयांश. दोन तृतीयांश फेरा कसा मोजायचा? अठरा छिद्रांची तबकडी घ्यायची आणि बारा छिद्रे पुढे जायचे. पालकहो, आपला मुलगा किंवा मुलगी 'अपूर्णांकांचा उपयोग काय?' असे विचारील तेव्हा हे उत्तर हाताशी असू द्या.

त्यानंतर दांडा दुसऱ्या गल्लीत भट्टीवाल्याकडे जातो. आपल्या गावचा लोहार विळ्याला 'पाणी देतो', तेच इथे मोजूनमापून चालते. ८३० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवायचे, की पोलाद काचेसारखे कडक आणि तेवढेच ठिसूळ होते. ते तसेच ठेवले तर खडूसारखे तुटेल. म्हणून पुन्हा साडेपाचशे ते सहाशे अंशांपर्यंत तापवून त्याचा कडकपणा मुद्दाम उतरवायचा. इथे गिऱ्हाइकाशी वाद होतो. त्याने कोठेतरी ऐकलेले असते की जितका कठीणपणाचा आकडा मोठा तितका माल भारी. आम्ही रॉकवेलच्या मोजणीत ३५ ते ४०च्या दरम्यान थांबतो. ५५ देता येतात, पण आम्ही देत नाही. लोहाराला हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. ज्या कोयत्याला फार पाणी बसले त्याची धार पहिल्याच गाठीवर उडते, हे त्याने पाहिलेले असते. भट्टीत दांडे आडवे ठेवायचे नाहीत, उभे टांगायचे, नाहीतर स्वतःच्या वजनाने बाक धरतात. बाक धरलेला दांडा ठोकून सरळ करता येतो, पण आत ताण उरतो. तो थकव्याचे बीज ठरू शकतो.

कोपऱ्यांची झीज टाळण्यासाठी वरच्या कातडीला नायट्रोजन पाजतात, म्हणजे नायट्रायडिंग. हे ५०० ते ५२० अंशांवर होते, आधीच्या उतरत्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला, त्यामुळे आतला गाभा मऊ पडत नाही. ह्या प्रक्रियेने पृष्ठभाग कठीण होतो आणि शिवाय दबलेल्या अवस्थेत राहतो. चीर उघडायला जी ओढ लागते तिला तो आधीच विरोध करून बसलेला असतो. षट्कोन जिथे संपतो आणि गोल भाग सुरू होतो तिथला कोपरा रँकिन ह्यांच्या सल्ल्याप्रमाणे गोलाईचा ठेवायचा आणि हाताने लांबीच्या दिशेने घासायचा. आडवी एक ओरखड दिसली तरी पुन्हा घासायचा. जस्ताचा चकचकीत मुलामा मागणारे गिऱ्हाईक भेटते. त्याला आम्ही नम्रपणे नाही म्हणतो, कारण मुलाम्याच्या टाकीत कडक पोलाद हायड्रोजन शोषते आणि पुढे ध्यानीमनी नसताना तडकू शकते. शेवटी व्ही-ब्लॉकवर दांडा फिरवून डायलने त्याचा डगमग पाहायचा, आणि चुंबकीय चाचणीत चीर आहे का ते तपासायचे.

एवढे सर्व केल्यावर दांडा मजबूत होतो. आता एक अवघड प्रश्न उरतो, आणि माझ्या मते ह्या कामातला खरा प्रश्न तोच आहे. पंपात कपची अडकली, पंप थांबला, आणि दांडा मोडायला तयार नसला, तर मोडणार काय? काहीतरी मोडणारच. दांडा नाही तर डिस्ट्रिब्युटरचा गिअर, तो नाही तर कॅमशाफ्टवरचे दाते. घरातला फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे जाड तार बांधणाऱ्या माणसाला आपण शहाणा म्हणत नाही. काही अनुभवी इंजिन बांधणारे म्हणूनच मूळ बारीक दांडाच बरा, असे मानतात. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. बारीक दांडा थोडा पिळतो आणि सुटतो, स्प्रिंगसारखा. गिअरच्या दात्यांना बसणारे हिसके तो स्वतः पितो. फार जाड, फार ताठ दांडा ते हिसके जसेच्या तसे वर पोहोचवतो.

तरीही मी मजबूत दांड्याच्या बाजूचा आहे, आणि त्याचे कारण मघाशी सांगून झाले आहे. फ्यूज उडाल्यावर दिवा विझतो. हा दांडा मोडल्यावर इंजिन विझत नाही, ते तेलावाचून धावत राहते. जो भाग मोडल्यावर यंत्र थांबत नाही तो भाग फ्यूज म्हणून वापरणे मला पटत नाही. उलट गिअर मोडला तर ठिणगी जाते, इंजिन थांबते, आणि गिअर बदलता येतो. म्हणजे मोडायचेच असेल तर कोठे मोडावे, हे आपण ठरवायचे असते. ते ठरवण्यासाठी दांड्याबरोबर सगळे इंजिन पाहावे लागते: पंपाची स्प्रिंग कोणी बदलली आहे का, जाळी शाबूत आहे का, चालक तेल तापेपर्यंत धीर धरतो का. ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दांडा देणे म्हणजे रोग न पाहता औषध देणे होय. कधी कधी तपासणीनंतर आम्ही सांगतो, 'दांडा जुनाच चालेल, पंप उघडा.' त्या दिवशी शेडला मिळकत होत नाही.

असे काम मोठा कारखाना घेत नाही, कारण दहा-वीस नगांसाठी त्याची यंत्रे मांडणे परवडत नाही. आमच्यासारख्या शेडलाही त्यातून श्रीमंती येत नाही. रोजचे पोट दुसऱ्याच, हजारोंनी निघणाऱ्या भागांवर चालते. पण ह्या वीस नगांनी आमच्या कारागिरांना जे शिकवले ते त्या हजारोंनी शिकवले नाही. आज संगणकावर चालणारी यंत्रे तासाभरात शेकडो नग काततात आणि ती मी आनंदाने वापरतो. तथापि यंत्राला नकाशा लागतो. जिथे नकाशाच नाही, मूळ तुकडा झिजलेला आहे, आणि झिजलेल्या तुकड्यावरून नव्याचे माप ओळखायचे आहे, तिथे माणूस लागतो. झीज कुठल्या बाजूला जास्त, न झिजलेला कोपरा कुठे सापडतो, इंचातले माप असेल की मिलिमीटरमधले, हे तो बोटांनी आणि मायक्रोमीटरने मिळून वाचतो. असा माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्या जागी बसायला कोणी येईल का, ही पीण्यातल्या अनेक शेडची आजची चिंता आहे.

म्हणून पालकांशी दोन शब्द. आयटीआय किंवा टूलरूमचे प्रशिक्षण ही कमी गुणांच्या मुलांची सोय आहे, असे आपल्या घराघरांत अजून मानले जाते. ईएन-२४ला किती पाणी द्यावे ह्याचा निर्णय घेणारा माणूस कमी बुद्धीचा असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी एक दिवस भट्टीवाल्याच्या शेजारी उभे राहावे. आणि मराठी माध्यमाविषयी म्हणाल, तर मला शेडमध्ये त्याचा अडसर कधी झाला नाही. तिथे कन्नड, तमिळ, ओडिया, हिंदी सगळे चालते; नकाशा इंग्रजीत असतो. मात्र 'पीळ', 'ताण', 'चिवट', 'ठिसूळ', 'पाणी देणे' हे शब्द माझ्या हाताशी आधीच होते. इंग्रजी संज्ञा नंतर आल्या आणि ह्या शब्दांवर अलगद येऊन बसल्या.

वेळ संपत आली आहे, एक शेवटची गोष्ट सांगतो. तयार दांडा पाठवताना आम्ही सोबत एक कागद देतो. त्यावर लिहिलेले असते: दांड्यावरची अडक-चकती विसरू नये, नाहीतर डिस्ट्रिब्युटर उचलताना दांडा त्याच्यासोबत वर येतो आणि चेंबरमध्ये पडतो. पंप बसवण्याआधी त्यात तेल भरावे. हाताने फिरवून पाहावा. कुठे अडतो का ते बोटांना कळते. मग डिस्ट्रिब्युटर न बसवता, वरच्या भोकातून हातड्रिलने दांडा हळूहळू फिरवावा. किती वेळ? दाबाचा काटा हलेपर्यंत. आधी ड्रिल मोकळे फिरते, मग एका क्षणी हाताला जड लागते. तेल पोहोचले. त्यानंतर ठिणगी जोडावी.

मोडलेल्या दांड्यांचे काही तुकडे मी आणले आहेत. मुलांना पाहायचे असतील तर ते इथे टेबलावर ठेवतो, शेजारी खडूची पेटीही आहे.